अथालची गाय आणि अडून बसलेली वीज

डोकमर्डी, सिल्वासा
श्रावणातला पहिला रविवार

तीर्थस्वरूप नलिनीआत्यास,

मृणालचा साष्टांग नमस्कार. (भाड्याच्या या हॉलमध्ये पूर्ण साष्टांग मावत नाही, मध्ये कॉट येते. तेव्हा गुडघ्यापर्यंतचा झाला तो पोचला असं समजावं.) तुमचे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात तुम्ही गुडघ्यांना एक ओळ दिली होती आणि माझ्या वागणुकीला साडेतीन पानं, त्यावरून गुडघे बरे असावेत असा मी अर्थ काढला. दापोलीला पाऊस कसा आहे? कपिला अजून गाभण राहत नाही हे वाचून वाईट वाटलं. तिच्याविषयी पुढे लिहीन. मी इथे अगदी मजेत आहे. अंग थोडं भरलंय, वर्ग शांत असतात (निदान मी आत शिरताना), खालच्या मजल्यावरच्या गुजराती काकू दर एकादशीला साबुदाण्याची खिचडी पाठवतात आणि तिच्यात साखर इतकी घालतात, की उपास आणि वाढदिवस एकदमच साजरे होतात.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. "मृणाल भौतिकशास्त्र सोडून स्कूटरवरून बैलांचं काहीतरी वाटत फिरते, असं धनश्री सांगते. त्यात तथ्य किती?" हे वाक्य तुम्ही दोनदा अधोरेखित केलंत, म्हणजे मुख्याध्यापिका निवृत्त झाली तरी लाल शाईची बाटली झालेली नाही. धनश्री माझी चुलतबहीण आहे आणि माझा तिच्यावर फार जीव आहे, पण इथे दोन दिवस राहून तिने जे पाहिलं त्याचा तिला काडीइतकाही अर्थ लागलेला नाही. भौतिकशास्त्र मी सोडलेलं नाही. बैलांचं जे काही होतं ते मी वाटलेलं नाही. ते चुकून माझ्याकडे आलं होतं आणि मी ते परत केलं. मात्र मी हे व्यवस्थित समजावलं नाही, तर तुम्ही ठाण्याच्या कॉलेजातल्या तुमच्या त्या जुन्या विद्यार्थिनीला शब्द टाकणार आणि माझं सिल्वासातलं बस्तान उठणार, हे मला दिसतंय. म्हणून सगळं सुरुवातीपासून सांगते.

मी कशाचा अभ्यास करते हे तुम्ही मला तीनदा विचारलंत आणि तीनदा ऐकता ऐकता तुमचा डोळा लागला. या खेपेला लिहूनच पाठवते, म्हणजे जिथे झोप लागेल तिथे खूण करता येईल. माझ्याकडे एक स्फटिक आहे, करंगळीच्या नखाहून लहान. टँटलम नावाचा धातू आणि गंधक यांचा तो बनलेला. निरोप देताना माझ्या गाईडसरांनी, इतर लोक शाल देतात तसा, तो मला दिला. आत तो थराथरांचा असतो, तुमच्या चिरोट्यासारखा, आणि साध्या चिकटपट्टीने त्याचे थर सोलून निघतात. (स्टाफरूममधल्या चिकटपट्ट्या कोण संपवतं, यावर आमच्याकडे एक बैठक झाली. मीही तिला हजर होते आणि गंभीर चेहऱ्याने बसले होते.) या थरांतून एरवी वीज बरी वाहते. थंड करत नेलं, की एका ठिकाणी मात्र ती एकाएकी अडून बसते. वाट मोकळी असते, जायला जागा असते, तरी जात नाही.

एसटीचं उदाहरण घ्या. गाडी गच्च भरली असेल तर कुणी जागचं हलत नाही, हे कुणालाही कळतं. रबरातून वीज जात नाही ती साधारण अशीच. पण आमच्या गाडीत प्रत्येक बाकावर एकेकच उतारू बसलेला आहे आणि शेजारची जागा रिकामी. तरीही कुणी हलत नाही, कारण हलायचं म्हणजे दुसऱ्याच्या बाकावर त्याला खेटून बसायचं, आणि ते कुणालाच मंजूर नाही. सगळी गाडी अर्धी रिकामी आणि सगळी जागच्या जागी. एका पक्षाचं म्हणणं असं, की माझ्या स्फटिकातला प्रत्येक थर असा स्वतःच्या हट्टाने अडलेला असतो. दुसरा पक्ष म्हणतो, की तसं नाही, वरचा थर खालच्या थराशी जोडी जमवतो, दोघं दोघं बाक भरून बसतात, आणि मग वीज अडते ती साध्या गच्च भरलेल्या गाडीसारखी. यावर मोठमोठी माणसं मोठमोठी यंत्रं घेऊन भांडताहेत. मी कायम पहिल्या पक्षाची. एकट्याने, स्वतःच्या हिमतीवर, कुणाच्याही आधाराशिवाय अडून बसणं मला लहानपणापासून थोर वाटत आलं आहे (ते मी कुणाला पाहून शिकले, हे दापोलीला पत्र लिहिताना सांगायची गरज नसावी). पुढे मात्र माझं मत जरा डळमळलं. ते कसं, ते क्रमाने येईल.

स्फटिक थंड करायला द्रवरूप नायट्रोजन लागतो. तो पाण्यासारखा दिसतो, त्यातून पांढरा धूर निघतो आणि बोट घातलं तर बोट विसरावं लागतं. मुंबईला तो नळ सोडल्यासारखा मिळायचा. इथल्या कॉलेजात मी मागणी केली, तेव्हा प्राचार्यांनी अतिशय प्रेमाने एक जुना फ्रीज देऊ केला. शेवटी मला पत्ता लागला, की या गावात द्रव नायट्रोजन नेमाने येतो तो पशुदवाखान्यात. गायी गाभण राहाव्यात म्हणून बैलांच्या ज्या कांड्या लागतात त्या त्यात बुडवून ठेवलेल्या असतात. (कसल्या कांड्या हे तुम्ही गाय पाळता म्हणून तुम्हाला ठाऊक आहे. पुढे मी नुसतं 'कांड्या' म्हणेन आणि आपण दोघी पुढच्या वाक्याकडे जाऊ.) तिथे डॉ. लखन सोनवणे म्हणून पशुवैद्य आहेत, चोपड्याकडचे. मी पहिल्या दिवशी माझी सगळी अडचण, बाक आणि उतारूंसकट, त्यांना ऐकवली. ते म्हशीच्या खुराला मलम लावत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "किती लागतो मॅडम?" आणि दवाखान्यात टाकून दिलेली एक छोटी टाकी स्वतः डाग देऊन मला वापरायला दिली. दर वेळी गाडी नायट्रोजन घेऊन आली, की त्यांच्या टाक्यांबरोबर माझीही भरायची असं ठरलं. माणूस म्हणून ते बरेच त्रासदायक आहेत. चहात साखर जास्त घालतात, प्रत्येक गोष्टीला "जाऊ द्या ना मॅडम" म्हणतात, आणि मी टाकी स्कूटरच्या पायाशी ठेवून निघाले की रस्त्याच्या वळणापर्यंत उभे राहून बघतात, जसं काही मला स्कूटर येतच नाही. वांग्याचं भरीत बरं करतात, असं म्हणतात.

आता खरा घोटाळा. गेल्या खंडेनवमीला मी प्रयोगशाळेत पूजा मांडली होती. तुमच्याकडे आपण पाटी, पुस्तक, कोयता, विळी आणि आजोबांची छत्रीसुद्धा पूजायचो, ते अंगात भिनलेलं आहे. मीटर पुसला, सोल्डरिंगची कलम मांडली आणि नायट्रोजनच्या टाकीवर ठसठशीत कुंकवाचं स्वस्तिक काढून गळ्यात झेंडूची माळ घातली. टाकीत तेव्हा माझा नमुना होता. चार केसाएवढ्या तारा चिकटवलेला, एका लांब दांडीच्या टोकाला बसवलेला, माझ्या आजवरच्या सगळ्या नमुन्यांत गुणी. तो एकदा गार झाला, की त्याला पुन्हा ऊब लागू द्यायची नसते. थर तडकतात आणि तारा सुटतात. आधीचे सगळे असेच गेले होते. हाही गेला असता, तर सोलायला स्फटिक उरला नव्हता, आणि मग सिल्वासात राहून काय करायचं याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा तुमचं ठाणं तुम्ही न सांगताच माझ्या डोळ्यांपुढे उभं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टाकी नमुन्यासकट दवाखान्यात नेली. भरून झाली. मला वर्ग होता, डॉक्टरांना अथालला जायचं होतं, दोघंही घाईत. मी ओट्यावरची स्वस्तिक आणि माळ असलेली टाकी उचलली आणि निघाले. नायट्रोजनच्या टाकीला कुंकू लावणारी या केंद्रशासित प्रदेशात मी एकटीच, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आत्या, त्या लोकांनीही लावलं होतं! खंडेनवमीला त्यांनी दवाखान्यातलं यच्चयावत लोखंड पुजलं होतं, इंजेक्शनच्या सुईपासून जीपच्या स्टेपनीपर्यंत. ओट्यावर स्वस्तिक आणि झेंडूवाल्या दोन टाक्या शेजारीशेजारी, जुळ्या बहिणींसारख्या बसल्या होत्या, आणि मी दुसरी उचलली.

कॉलेजात त्याच दिवशी प्राचार्य एका पाहुण्यांना घेऊन माझी प्रयोगशाळा दाखवायला आले. मी थोडं प्रास्ताविक केलं, पदार्थाच्या अद्भुत अवस्थांबद्दल दोन वाक्यं बोलले, टाकीचं झाकण काढलं, आणि धुरातून दांडी वर ओढली. दांडीच्या टोकाला डबी. डबीत निळ्या, पिवळ्या, गुलाबी कांड्या. प्राचार्य वलसाडचे, स्वभावाने फार गोड. ते वाकून म्हणाले, "आ शुं छे, मॅडम? कलर तो सारो छे." मी डबी इतक्या झटक्यात खाली सोडली, की पाहुण्यांना वाटलं चमत्कार तेवढाच होता, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी डॉक्टरांना फोन लावला. तो उचलला सरुबाईने. सरुबाई शिरपूरकडची, बोलणं अहिराणी. नवरा कारभारी गलोंड्याला सुताच्या कारखान्यात कामाला आहे आणि ही अथालला राहून एक गाय सांभाळते. तिची गाय त्या दिवशी माजावर आली होती, वेळ चुकली तर तीन आठवडे थांबावं लागलं असतं, आणि डॉक्टरांनी टाकी उघडली तर आत बैलाऐवजी मी. "डाक्टरना हात गुतेल शे," ती म्हणाली, आणि मी कोण हे कळताच तिचा आवाज चढला. "मनी गाय काय तुना कालेजमा शिकाले येल शे का?" या प्रश्नाला विद्यापीठाच्या कोणत्याही परीक्षेत उत्तर नाही. नमुना शाबूत आहे का ते तिथल्या तिथे पाहता यावं म्हणून मी मीटर डिकीत कोंबला, टाकी पायाशी घेतली आणि दमणगंगेच्या पुलावरून अशी सुटले, की धनश्रीने ते पाहिलं असतं तर तिने तुम्हाला पत्राऐवजी तार केली असती (तारा बंद झाल्या आहेत हे तिला माहीत नाही).

गोठ्यात पोचले तेव्हा डॉ. सोनवणे एका हाताने गाय तपासत होते आणि दुसरा हात माझ्या टाकीच्या झाकणावर ठेवून उभे होते. दांडी उचलल्या उचलल्या, काही न बघता, त्यांनी परत आत सोडली होती. गार ठेवलेली वस्तू ज्याची त्याने बाहेर काढायची, एवढंच त्यांचं म्हणणं. मला तेव्हा रडू आलं, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. पण रडायला सवड नव्हती, कारण सरुबाईने मला गायीचं शेपूट धरायला लावलं. भौतिकशास्त्रात पीएचडी केलेल्या तुमच्या भाचीने ते दोन्ही हातांनी धरलं. डॉक्टरांनी कांडी काढली, कोमट पाण्यात धरली, आणि काम वेळेत झालं. सगळे सुटलो असं वाटलं आणि त्याच क्षणी गायीने मागचा पाय झाडला. तो लागला माझ्या टाकीला.

टाकी आडवी झाली, झाकण उडालं आणि सगळा गोठा पांढऱ्या धुराने भरला. सरुबाईने हात जोडले. मला मात्र एवढंच दिसत होतं, की नायट्रोजन शेणात वाहून गेला, दांडी रिकाम्या टाकीत लटकते आहे आणि नमुना गरम होतो आहे. आता तो जाणारच, मग जाता जाता तरी काय सांगतो ते ऐकावं, म्हणून मी मीटर काढून तारा जोडल्या. दोन तारांतून वीज सोडायची आणि दोन तारांनी कान लावायचा, एवढाच तो प्रयोग. मला एकटीला तापमान आणि रोध (म्हणजे वीज किती अडते त्याचं माप) दोन्ही वाचता येईनात, तेव्हा लखनराव न सांगता शेणातच बसले आणि रोधाचे आकडे मोठ्याने वाचू लागले. मी तापमान लिहीत होते, ते आकडे म्हणत होते, सरुबाई प्रत्येक आकड्याला "हां" म्हणत होती. आणि मग आकडा घसरला. अडून बसलेली वीज उठली आणि चालू लागली. तारा सुटल्या नव्हत्या! थर तडकले नव्हते!

पण नुसती उठताना पाहून भागत नाही, बसतानाही पाहावी लागते, आणि माझ्याकडे नायट्रोजनचा थेंब नव्हता. मी लखनरावांच्या टाकीकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, कारण त्यात कांड्या होत्या आणि पुढच्या गाडीपर्यंत त्यांनाही तेवढ्यातच भागवायचं होतं. ते मात्र उठले, कांड्या बुडतील एवढा नायट्रोजन ठेवून बाकीचा त्यांनी माझ्या टाकीत ओतला आणि म्हणाले, "घ्या. गावंच्या गावं फिरून राहिलो मी, जास्ती लागला तर मागून आणेन कुठून तरी. जाऊ द्या ना मॅडम." मी दांडी हळूहळू खाली सोडली. लखन आकडे वाचत होता. एका ठिकाणी तो थबकला, मीटरला टिचकी मारली आणि म्हणाला, "हे बिघडलं." बिघडलं नव्हतं. वीज अडली होती, एकदम, जिने चढताना एक पायरी चुकावी तशी उडी घेऊन. उठतानाची आणि बसतानाची अशी दोन्ही मापं एकाच नमुन्यावर मला पूर्वी कधीच मिळाली नव्हती. मी सरुबाईला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हनजे वीज शे, पन जात नही? मना सासराबी आसाच व्हता." तुम्हाला तीनदा जमलं नाही ते तिला शेण सारता सारता कळलं, याचा राग मानू नये. तिला प्रत्यक्ष सासरा होता.

तो नमुना अजून धडधाकट आहे. त्याच्यावरचा लेख छापून आला. प्राचार्यांनी माझ्या प्रयोगशाळेला स्वतंत्र कुलूपकिल्ली दिली आणि फ्रीज परत नेला. मी हल्ली दुसऱ्या पक्षाकडे झुकू लागले आहे, म्हणजे थर एकटे अडत नसावेत, वरचा आणि खालचा जोडीने बसत असावेत असं मला वाटतं. मापंच तशी आहेत. एवढं सगळं वाचून तुमची खात्री पटली असेल, की मी माझ्या विषयातच आहे, आनंदात आहे, आणि धनश्रीच्या म्हणण्यात तथ्य नाही.

काकांना नमस्कार, मांजराला जे काही सांगतात ते.

तुमची,
मृणाल

ता. क. ठाण्याला कृपा करून बोलू नका. तिथे नायट्रोजन नळाने येतो हे मला माहीत आहे. मला नळाचा नको आहे.

ता. क. सरुबाईची गाय आषाढात व्याली. कालवड झाली. ती कुणालाही जवळ येऊ देत नाही, कुणाचं ऐकत नाही, आणि एका नजरेत सगळा गोठा सरळ करते. सरुबाईने नाव सुचवायला सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पटकन तुमचं गेलं. आता अथालमध्ये सकाळ संध्याकाळ तुमच्या नावाने हाका होतात, आणि त्या फार प्रेमाच्या असतात.

ता. क. कपिलेला दाखवायला मी एका चांगल्या पशुवैद्याला येत्या शनिवारी दापोलीला घेऊन येते आहे. त्याला चहात साखर जास्त लागते, आणि भरीत तो स्वतः करतो. त्या दिवशी मला नायट्रोजन ओतून दिल्यामुळे पुढे त्याच्या चार कांड्या वाया गेल्या, हे त्याने मला आषाढापर्यंत सांगितलं नव्हतं. कपिलेला तपासून झालं, की तुम्ही आम्हा दोघांना ओसरीवर शेजारी बसवून जे विचारायचं ते विचारा, आणि मग बाबांना तुम्हीच सांगा. ते तुमच्याखेरीज कुणाला घाबरत नाहीत. आणि आत्या, थर जोडीने बसतात असं मला मापांवरून वाटू लागलं, असं मी वर लिहिलं आहे ते खोडून टाका. माझ्या मीटरला त्यातलं काहीही कळत नाही.